अकरा ओळींचा देश

इंदुरीच्या लोकल बोर्डाच्या शाळेत जाहिदाबाई आल्या तेव्हा मी दुसरीत होते. साल एकोणीसशे तीस. तळेगाव स्टेशनावरून त्या बैलगाडीनं आल्या. बरोबर त्यांची आई लैलाबी आणि दोन पत्र्याच्या ट्रंका. त्यातली एक उतरवायला दोन गडी लागले. बाईमाणसाच्या ट्रंकेत एवढं जड काय असावं, यावर नदीच्या घाटावर दोन दिवस बोलणं चाललं होतं. तिसऱ्या दिवशी ती ट्रंक शाळेत आली. तिच्यात पुस्तकं निघाली.

बाई तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या. उंच, सावळ्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या. लोणावळ्यात जन्मलेल्या, पुण्यात ट्रेनिंग झालेल्या, त्यामुळे बोलणं शहरी. वर्गात त्यांचा आवाज कधी चढला नाही. मुसलमान मास्तरीण म्हणून गावानं पहिले काही दिवस जरा लांबून पाहिलं, मग लैलाबींनी एकीच्या मुलाचं पोट दुखत होतं त्याला ओवा-सैंधव दिला आणि त्या गावच्या मावशी होऊन गेल्या.

ट्रंकेतली पुस्तकं आमच्या क्रमिक पुस्तकासारखी नव्हती. पातळ पातळ होती. एक मधमाश्यांवर, एक सापांवर, एक ग्रहणं कशी लागतात त्यावर, एक मातीवर. हिवतापाचं एक सरकारी पत्रक, रेल्वेचा एक जुना नकाशा, दख्खनातल्या नद्यांचा एक नकाशा, आणि बांधणी सुटलेला एक भूगोल. बाईंनी ती खिडकीखालच्या फळीवर मांडली आणि ज्याला हवं त्यानं घ्यावं असं सांगितलं. कुणी घेतलं नाही. वाचायचं म्हणजे मास्तर पुढे म्हणणार आणि आपण मागे ओरडणार, एवढंच आम्हाला माहीत. आपण होऊन पुस्तक हातात घेणं म्हणजे शिक्षा ओढवून घेणं.

एका शनिवारी त्यांनी मधमाश्यांचं पुस्तक वाचून दाखवायला घेतलं. शेवटच्या रांगेत कोंडाजी पाटलांचा महिपती भिंतीला टेकून झोपला. मी पुढे बसले होते, म्हणून झोपता येईना. थोड्या वेळानं मी विचारलं, "बाई, ह्याच्यात राक्षस कवा येतो?"

"यात राक्षस नाही, झुंबर."

"मंग राजा?"

"राणी आहे. पण ती अंडी घालते."

पोरं हसली. बाईही हसल्या, पण पुस्तक मिटून त्यांनी ते जाग्यावर ठेवून दिलं, आणि पुढे बरेच दिवस काही वाचून दाखवलं नाही.

गंमत अशी की याच पोरांचा घोळका संध्याकाळी त्यांच्याच ओट्यावर जमायचा, तो लैलाबींच्या गोष्टी ऐकायला. मावशी गोष्ट फार छान सांगायच्या. त्यांच्या गोष्टींतलं शहर नेहमी एकच असायचं, बगदाद. तिथे सोन्याचे घुमट, बोलणारे पोपट, उडत्या गालिच्यावर बसून फिरणारे शहाजादे. जुन्या गढीचा पडका दरवाजा आमच्या समोर दिसत असायचा, आणि आम्हाला वाटायचं की त्या दरवाज्यातून गेलं की आलंच बगदाद. माझ्या एक गोष्ट ध्यानात आली होती. मावशींनी बगदादचं नाव काढलं की बाई हातातलं काम ठेवून उठायच्या आणि नदीकडे चालायला लागायच्या. गोष्ट संपेपर्यंत परत यायच्या नाहीत.

माझा बा, हौशीराम, मुंबईला गिरणीत होता. जत्रेला यायचा आणि दिवाळीला यायचा. बाकीचे दिवस मी त्याचा चेहरा आठवायचा प्रयत्न करायची, आणि मधे मधे तो आठवायचाच नाही. फक्त त्याच्या सदऱ्याचा वास आठवायचा. त्या वर्षी दिवाळीनंतर तो परत गेला आणि मला एक युक्ती सुचली. गावातून जो जातो तो मुंबईला जातो, तर नदीही तिकडेच जात असणार. पळसाच्या पानांच्या द्रोणात बोरं भरून सोडली तर बाला मिळतील. पण खात्री करून घ्यावी म्हणून मी बाईंना विचारलं, "आपली नदी ममईला जाती का?"

दुसरं कुणी असतं तर व्हय किंवा न्हाई म्हणून मोकळं झालं असतं. बाई म्हणाल्या, "कुणी लिहून ठेवलंय का, बघू या."

त्यांनी नद्यांचा नकाशा जमिनीवर पसरला आणि माझं बोट धरून इंद्रायणीवर ठेवलं. मी अक्षरं लावत निघाले. आळंदी आली. तुळापूर आलं, तिथे आमची नदी भीमेला मिळाली. भीमा खाली खाली गेली, कृष्णेला मिळाली. बोट नकाशाच्या पार दुसऱ्या कडेला पोचलं आणि तिथे समुद्र होता, पण तो मुंबईचा समुद्र नव्हता. मुंबई मागे, पाठीकडे राहिली होती. मला रडू आलं. नदीचा फार राग आला. मग द्रोणाची हकीकत बाईंना सांगावी लागली.

बाईंनी माझी समजूत घातली नाही. त्या बराच वेळ नकाशाकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या की लोणावळ्याला त्यांच्या वडिलांचे एक स्नेही आहेत, इनायतचाचा, ते वळवणच्या धरणावर कामाला आहेत. तिथलं पाणी आपल्या नदीसारखं पूर्वेला जात नाही असं ते म्हणायचे. जाऊन विचारू या.

पंधरा दिवसांनी एका रविवारी त्यांनी आम्हा पाच मुलांना लोणावळ्याला नेलं. महिपतीला त्याच्या बापानं पाठवलं नाही. शाळेत घातलाय तो धडे वाचायला, गाडीतून हिंडायला नव्हे, असं कोंडाजी आबा म्हणाले. तळेगावपर्यंत चालत, तिथून आगगाडीनं. धरणाच्या भिंतीवर वारा एवढा होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं, म्हणून इनायतचाचांनी आम्हाला आडोशाला बसवून सांगितलं. पांढरी दाढी, खाकी कोट, एका हाताची दोन बोटं नव्हती. हे पाणी कालव्यातून घाटाच्या तोंडाशी जातं, तिथून मोठाल्या नळांतून खाली खोपोलीला पडतं. पडताना चाकं फिरवतं. चाकं फिरली की वीज होते. ती वीज तारांवरून मुंबईला जाते आणि तिच्यावर गिरण्या चालतात.

"माझा बा गिरणीत हाय," मी म्हणाले.

"कुटल्या?"

मी नाव सांगितलं. चाचांनी मान हलवली. "ती बी ह्याच पान्यावर चालती, बेटी. तुझा बाप ज्या साच्यापुढं हुबा ऱ्हातो ना, तो ह्येच पानी फिरिवतं."

मी उठून कडेला गेले आणि पाण्यात हात घातला. पाणी थंडगार होतं. मी हात बाहेर काढेना, तेव्हा बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. आता वाटतं, त्या दिवशी आम्हा दोघींनाही एकच गोष्ट कळत होती: लांब गेलेल्या माणसाबद्दल खरं काही कळलं की तो थोडा जवळ येतो. मला ती तेव्हा शब्दांत सांगता आली नसती. बाईंनी ती कधी सांगितली नाही.

परत आल्यावर बाईंनी मला पाठकोऱ्या कागदांची आठ पानं दोऱ्यानं शिवून दिली आणि जे कळलं ते लिहायला सांगितलं. अट एकच. प्रत्येक पानाच्या तळाशी ते कसं कळलं ते लिहायचं. डोळ्यांनी बघितलं असेल तर 'पाहिलं', कुणी सांगितलं असेल तर 'विचारलं', पुस्तकातलं असेल तर 'वाचलं'. माझ्या वहीत बहुतेक पानांवर 'विचारलं' होतं. एका पानावर 'पाहिलं' होतं. पाणी थंड आहे, एवढंच त्या पानावर लिहिलं होतं.

ती वही बाईंनी फळीवर ठेवली. महिपतीला लोणावळ्याला जायला मिळालं नव्हतं, म्हणून ती त्यानं हट्टानं वाचली. आपण होऊन वाचलेलं त्याचं ते पहिलं पुस्तक. वाचून तो माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "तळं किती खोल हाय?" मी विचारलं नव्हतं. "मंग काय गेलतीस कशाला?" तो म्हणाला. आठ दिवस त्यानं मला छळलं. शेवटी बाईंनी त्याला चाचांना पत्र लिहायला लावलं. उत्तर आलं तेव्हा पोस्टमननं त्याचं नाव घेऊन हाक मारली आणि त्या दिवसापासून महिपती बदलला.

मग हळूहळू फळीवरची पुस्तकं हलू लागली. बाई कुणाला 'वाच' म्हणायच्या नाहीत. लाकडं आणायला गेलेल्या पोरांनी घोणस बघितली की दुसऱ्या दिवशी सापांचं पुस्तक त्या पानावर उघडं पडलेलं असायचं. एकदा मी त्यांना विचारलं की पुस्तक मधूनच वाचलं तर चालेल का. त्या म्हणाल्या, गोष्ट पहिल्यापासून वाचावी लागते, पण खरं पुस्तक कुठूनही उघडावं, ज्याला जे हवंय तेवढं घ्यावं, बाकीचं राहू द्यावं. ते ऐकून आम्हाला एवढं हलकं वाटलं! मधमाश्यांचं पुस्तक मी शेवटाकडून पहिल्याकडे असं वाचलं. आणि आम्ही शिवलेल्या वह्याही वाढत होत्या. आंबेमोहोर भाताला वास कशानं येतो, कुंभाराचं मडकं तडकतं कशानं, खेकडा वाकडा का चालतो, टाळूवरचे केस का गळतात. शेवटची वही हेडमास्तरांकडे बघून लिहिलेली होती आणि तिच्यावर 'पाहिलं' होतं. बाईंनी ती फळीवर ठेवली नाही, पण फाडलीही नाही.

सगळं असंच सुरळीत चाललं असतं, पण महिपतीनं भुयाराची वही लिहिली. गढीच्या तटाखाली एक बीळ होतं. ते भुयार थेट लोहगडाला निघतं आणि कोंडाजी आबांचे पूर्वज त्यातून घोड्यावर बसून आले, असं गावात म्हणायचे. महिपती कंदील घेऊन आत शिरला. चौदा पायऱ्या उतरला, पुढे दगडमाती होती. त्यानं तसं लिहिलं, भुयाराची उंची वितीनं मोजून लिहिली, आणि खाली नोंद केली की या उंचीत घोडा मावत नाही.

कोंडाजी आबा शाळेत आले. मोठा माणूस, शाळेच्या जागेसाठी त्यांनीच शब्द टाकलेला. ते दारातच उभे राहिले. "बाई, आमच्या वाडवडलांस्नी खोटं पाडाया पोरगं शाळंत घातलं न्हाई आमी."

बाई उठून उभ्या राहिल्या. "आबा, भुयार नाही असं त्यानं लिहिलेलं नाही. तो जिथवर गेला तिथवरचं लिहिलं आहे. पुढचं त्यानं कोरं सोडलंय, बघा." त्यांनी वही पुढे केली. खरंच शेवटची चार पानं कोरी होती.

आबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी वहीकडे बघितलं, पण हातात घेतली नाही, आणि महिपतीला दंडाला धरून घरी नेलं. महिनाभर तो गुरांमागे होता. महिन्यानं एका सकाळी तो आपला आपण येऊन जाग्यावर बसला. घरी काय झालं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. आबा पुन्हा शाळेत आले नाहीत आणि वाटेत बाई दिसल्या तर दुसरीकडे बघायचे.

मी सातवीत गेले तेव्हा फायनलच्या अभ्यासाला बाईंच्या घरी बसायची. एका संध्याकाळी ओट्यावर लैलामावशींचं बगदाद सुरू झालं आणि बाई उठल्या. मीही त्यांच्या मागे नदीवर गेले आणि पाच वर्षं मनात असलेलं विचारलं.

त्यांनी सांगितलं ते असं. त्यांचे वडील, अल्लाउद्दीन, लोणावळ्याच्या इंजिनशेडमध्ये फिटर होते. गाड्यांना घाट चढवून आणणारी जादा इंजिनं तिथे सोडवायचे. भुशीच्या तळ्यावर लेकीला रविवारी पोहायला घेऊन जायचे. सोळा साली, बाई नऊ वर्षांच्या असताना, लढाईसाठी परदेशात रेल्वे टाकायला माणसं हवी होती, तेव्हा ते गेले. चार पत्रं आली. पहिली दोन बसऱ्याहून, पुढची दोन बगदादहून. मराठीत लिहिलेली, कारण त्यांना तेवढीच लिपी येत होती. पत्रात ऊन आहे, काम आहे, खजूर पुष्कळ आहे, आणि नदीत टोपलीसारख्या गोल होड्या चालतात, त्यात बसलं की होडी गरगर फिरते, जाहिदाला दाखवली पाहिजे, एवढं होतं. पाचवं पत्र दुसऱ्या कुणाच्या अक्षरात आलं. वडील तापानं गेले होते.

"अम्मा तेव्हापासून या गोष्टी सांगते," बाई म्हणाल्या. "लहानपणी तिनं तिच्या आजीकडून ऐकल्या होत्या. आधी कधी सांगत नव्हती. तिनं अब्बांना त्या शहरात नेऊन ठेवलंय. सोन्याच्या घुमटाखाली."

"मंग तुमी उठून का जाता?"

"अम्माचं बगदाद अम्माला पुरतं. मला पुरत नाही. माझे अब्बा ज्या उन्हात उभे होते ते ऊन किती कडक होतं, ते मला पाहिजे. त्यांनी तिथे काय खाल्लं, सावली कसली होती, नदी केवढी होती." मग त्या म्हणाल्या, "लोणावळ्याच्या शाळेतल्या बाईंनी मला एक भूगोल दिला. त्यात त्या देशाबद्दल अकरा ओळी होत्या. मी सगळी गोष्टीची पुस्तकं सोडून त्या अकरा ओळी पाठ केल्या. बाराव्या ओळीच्या शोधात मी मास्तरीण झाले, झुंबर. दुसरं काही नाही."

बांधणी सुटलेला तो भूगोल मी कितीदा तरी उघडला होता. ते पान मात्र कधी उघडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शोधून काढलं. दोन नद्या, गहू, खजूर, उन्हाळ्यात धुळीची वादळं. अकरा ओळी मोजायलाही वेळ लागत नाही.

फायनल झाल्यावर मी ट्रेनिंगला पुण्याला जायचं ठरलं. घरात पुष्कळ बोलणं झालं, पण बा ठाम राहिला. माझी धरणाची वही त्यानं मुंबईला नेली होती आणि साच्यावरच्या लोकांना वाचून दाखवली होती, असं त्याच वेळी कळलं. मी पुण्याला गेले, आणि तीन वर्षांनी दुसरी लढाई लागली. महिपती फौजेत भरती झाला. आबांना ते नको होतं. पण तो जिथवर जाता येईल तिथवर जाणाऱ्यांपैकी होता.

बेचाळीसच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावी होते. दुपारी बाईंच्या घरी बसले असताना कोंडाजी आबा आले. पायरीखालीच थांबले. अंगानं निम्मे झालेले. त्यांच्या हातात एक पाकीट होतं.

पाच महिन्यांनी महिपतीचं पत्र आलं होतं. गावातल्या दोघांनी ते वाचून दाखवलं होतं, पण आबांना त्यातून पाहिजे ते मिळालं नव्हतं. कुठे आहे ते लिहायची फौजेत मनाई, आणि जिथे थोडं काही लिहिलं असेल तिथे वरच्यांनी शाई फासलेली.

"बाई," आबा म्हणाले, "पोरगं कुटं हाय तेवढं सांगा. बाकी काय बी नगं. म्हातारी इचारती कुटं हाय, मी काय सांगू? इतकं दीस झालं, कोनच्या दिशेला त्वांड करून हात जोडावं त्ये बी कळंना."

बाईंनी त्यांना वर बोलावून बसवलं, पाणी दिलं आणि पत्र उघडलं. महिपतीनं खुशाली एका ओळीत उरकली होती. बाकीचं पत्र वहीसारखं होतं. उन्हाळ्यात दुपारी लोखंडाला हात लावला तर फोड येतो, पाहिलं. धुळीचं वादळ येतं तेव्हा दिवसा कंदील लावावा लागतो, पाहिलं. खजुराच्या झाडावर माणूस कमरेला दोर बांधून चढतो, एका झाडाला एका हंगामात किती घोस येतात ते बागवानाला विचारलं. मग तीन ओळी काळ्या. आणि त्यांच्या खाली, शाई फासणाऱ्याच्या नजरेतून सुटलेली एक ओळ: नदीत गोल होड्या आहेत, वेताच्या, बाहेरून डांबर लावलेल्या, टोपलीसारख्या. आत बसलो. गरगर फिरते. पाहिलं.

बाई वाचायच्या थांबल्या. मला वाटलं पुढचं अक्षर लागत नसेल. त्यांनी पत्र मांडीवर ठेवलं आणि दोन्ही हात त्याच्यावर ठेवले.

"आबा," त्या म्हणाल्या, "महिपती कुठे आहे ते मला माहीत आहे."

सुट्टीसाठी शाळेतून घरी आणलेल्या पुस्तकांतून त्यांनी भूगोल काढला, नकाशा उघडला आणि आबांचं बोट धरून, जसं माझं धरलं होतं तसं, मुंबईवर ठेवलं. मग समुद्रावरून हळूहळू वर नेलं, आखातातून, बसऱ्यावरून, नदीच्या काठानं. बगदादवर आणून थांबवलं. "इथे," त्या म्हणाल्या. "सूर्य मावळतो ना, त्याच्या थोडं उजवीकडे तोंड करून उभे राहा."

आबा नकाशाकडे बघत राहिले. बोट उचललं तर ठिकाण हरवेल असं वाटून त्यांनी ते तसंच दाबून धरलं होतं. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "तुमास्नी कसं ठावं?"

मग बाईंनी आपल्या वडिलांची हकीकत माझ्याखेरीज गावात पहिल्यांदाच कुणाला सांगितली. आबांनी सगळी ऐकून घेतली. बारा वर्षं ही बाई आपल्या गावात आहे आणि आपण तिला कधी विचारलं नाही, असं काहीतरी ते पुटपुटले. उठताना त्यांनी पत्र घेतलं नाही. "ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी," ते म्हणाले. "म्या उद्या पुन्ना येतो आयकाया."

लैलामावशी आतल्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आबा गेल्यावर त्या बाहेर आल्या आणि मुलीला म्हणाल्या, "खजुराची झाडं लय हायत म्हनं?"

"हो, अम्मा. पुष्कळ आहेत."

"मंग सावली असंल," मावशी म्हणाल्या, आणि चुलीकडे गेल्या. त्या संध्याकाळीही ओट्यावर गोष्ट झाली. घुमट सोन्याचेच होते. पण बाई उठल्या नाहीत. महिपतीचं पत्र घेऊन तिथेच एका कडेला बसून राहिल्या.

पुढे चार वर्षं पत्रं येत राहिली. बाई त्याला प्रश्न लिहून पाठवायच्या. नदी किती रुंद? होड्यांचा पूल आहे का? पहाटे गार होतं का? वडिलांचं नाव त्यांनी एकाही पत्रात लिहिलं नाही, तिकडे शोध घे असंही लिहिलं नाही. महिपतीला घरच्या पत्रातून ते कळलंच होतं. सुट्टी मिळाली तेव्हा तो आपण होऊन पहिल्या लढाईत मेलेल्या लोकांच्या कबरी बघून आला. सेहेचाळीस साली गावी परतल्यावर पहिल्या दुपारी तो बाईंच्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला की नाव सापडलं नाही. पुष्कळ ठिकाणी नुसते आकडे आहेत, पुष्कळ ठिकाणी तेही नाहीत. जिथवर गेलो तिथवरचं सांगतो.

"तेवढं सांग," बाई म्हणाल्या.

तीन दुपारी तो बोलत होता आणि बाई लिहून घेत होत्या. शाळेतली मुलं आजूबाजूला बसून ऐकायची, मधेच काहीतरी विचारायची. त्या देशाची वही चाळीस पानांची झाली. पहिल्यांदा ती वाचली ती कोंडाजी आबांच्या नातीनं, आठ वर्षांच्या धोंडाबाईनं, आजोबांना शेजारी बसवून, मोठ्यानं, अडखळत. आबा तिला मधे मधे थांबवून तीच ओळ पुन्हा वाचायला लावायचे.

पुढच्या वर्षी बाईंची उर्श्याला बदली झाली. मी तोवर तळेगावच्या शाळेत लागले होते. अठ्ठेचाळीसच्या मे महिन्यात बा गिरणीतून निवृत्त व्हायचा होता, त्याला आणायला मी मुंबईला निघाले, तर बाई म्हणाल्या, मीही येते, मला बंदर बघायचंय. त्या एक्केचाळीस वर्षांच्या होत्या आणि त्यांनी तोवर समुद्र पाहिला नव्हता.

बंदरावर आत सोडत नव्हते. आम्ही कुंपणाशी उभ्या राहिलो. बानं तिथल्या एका खलाशाला गाठून आणलं. तो रत्नागिरीकडचा निघाला. बाईंनी त्याला विचारलं, बसऱ्याला बोट जाते का? जाते, तो म्हणाला. कराची, मग आखातातली बंदरं घेत घेत दहा-बारा दिवसांत पोचते. तिथून पुढे बगदादला रेल्वे आहे. बायका एकट्या जातात का? जातात, तो म्हणाला, इराकला जियारतीला, तिथल्या दर्ग्यांच्या दर्शनाला, जाणाऱ्या म्हाताऱ्या बायका असतातच की. बाईंनी पिशवीतून कागद काढून सगळं लिहून घेतलं. बोटीच्या भोंग्याचा आवाज झाला तेव्हा त्यांनी वर बघितलं आणि बोट वळून दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे बघत राहिल्या. बा मला हळूच म्हणाला, उन्हात किती येळ उभं ठिवायचं ह्यांना. मी म्हटलं, राहू दे.

परतताना गाडी घाट चढायला लागली तेव्हा त्या म्हणाल्या, "जायला बारा, यायला बारा. तिथे आठ दिवस. उन्हाळ्याच्या सुट्टीत बसतं, झुंबर."

त्या वर्षीची सुट्टी संपत आली होती. या वर्षी, म्हणजे एकोणपन्नासात, लैलामावशींचे डोळे गेले आहेत, त्यांना सोडून हलता येत नाही. परवा उर्श्याला गेले होते तेव्हा बाई म्हणत होत्या, आता पुढच्या सुट्टीत नक्की.